दम

‘पिकअप’ हा शब्द मराठीत दोनदा आला. अलीकडचा पिकअप म्हणजे पहाटे मंडईबाहेर कोथिंबिरीच्या जुड्या उतरवणारी, पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. पण गाडीचा प्रकार म्हणून रुळण्याच्या कितीतरी आधी हा शब्द आपल्याकडे गाडीचा गुण म्हणून रुळला होता. ‘स्कूटरला पिकअप राहिलेला नाही’ हे वाक्य आमच्या लहानपणी कोणत्याही गॅरेजात ऐकू येई, आणि ते ऐकणाऱ्या कुणालाही त्याचा अर्थ विचारावा लागत नसे. अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर गाडीने जी उसळी घ्यायला हवी ती न घेणे, मागे मावशी आणि दोन पिशव्या बसल्या की चढावर गाडीने मान टाकणे, हे सगळे त्या एका शब्दात येई. त्यामुळे ‘पिकअपला पिकअप नाही’ हे वाक्य मराठीत अगदी निर्दोष ठरते. ते वाक्य पाच वर्षांपूर्वी आमच्या दारात चार चाकांवर येऊन उभे राहिले.

याच अर्थाचा आपला दुसरा शब्द ‘दम’. हा फारसीतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ श्वास. मराठीने मात्र त्याला चहूकडे फिरवून आणले आहे. जिना चढून दम लागतो, वाटेत दम खातात, संकटात दम धरतात, शेजारच्या मुलांना दम देतात, निरोप एका दमात सांगून टाकतात; छातीच्या रोगाचे नाव दमा; आणि बैलात, पैलवानात, युक्तिवादात दम असतो किंवा नसतो. (‘या कवितेत दम नाही’ हे मराठी समीक्षेतले सर्वांत जास्त उच्चारले गेलेले आणि सर्वांत कमी समजावून दिलेले विधान असावे.) श्वास आणि शक्ती या दोन गोष्टींसाठी एकच शब्द वापरणे हे बहुतेक ठिकाणी रूपक आहे. पेट्रोलच्या इंजिनाच्या बाबतीत ते रूपक नाही. तिथे ते शब्दश: खरे आहे, इतके की जुन्या इंजिनाची शक्ती वाढवण्याचे सारे शास्त्र म्हणजे या एका शब्दावरचे भाष्य आहे, असे मला आता वाटते.

गाडी १९७८ सालची, फोर्ड एफ-१५०. या नावाला एक गंमतशीर जन्मकथा आहे. १९७५ साली अमेरिकेत धुरावरचे नियम कडक झाले आणि हलक्या गाड्यांच्या धुराड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवणे भाग पडू लागले. ६००० पौंडांहून अधिक एकूण वजनाची मुभा असलेल्या गाड्यांना त्यातून सूट होती. तेव्हा फोर्डने आपल्या एफ-१०० या गाडीची भारक्षमता त्या रेषेच्या जराशी पलीकडे नेऊन ठेवली आणि तिला नवा आकडा दिला. पुढे अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या गाड्यांत गणले गेलेले हे नाव मुळात नियमाला दिलेल्या बगलेतून जन्मले. आमच्या गाडीला त्यामुळे कन्व्हर्टर नाही, कधीच नव्हता. ज्या गाडीला तो कारखान्यातून आला असेल तिचा काढून टाकणे हा मात्र संघीय कायद्याने गुन्हा आहे, आणि शक्ती वाढवण्याच्या नावाखाली तो काढणारे महाभाग इथे कमी नाहीत.

बॉनेटखाली एका रांगेत उभे सहा सिलिंडर. घनफळ ३०० घनइंच, म्हणजे ४.९ लिटर. हे इंजिन १९६५ पासून १९९६ पर्यंत बनत राहिले. घरोघर पार्सले पोचवणाऱ्या गाड्यांत, पाण्याच्या पंपांवर, शेतावरच्या यंत्रांवर ते वापरले गेले. वेगासाठी त्याची कीर्ती कधीच नव्हती. कीर्ती होती ती न थांबण्यासाठी. कॅमशाफ्ट फिरवायला त्यात साखळीसुद्धा नाही, थेट दातेरी चक्रे आहेत. बैल जसा वेगाबद्दल विचारला जात नाही, तसेच याचे.

आता जागेबद्दल. आम्ही राहतो ते गाव कोलोरॅडोतले फेअरप्ले, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १०,००० फुटांवर. मराठी वाचकासाठी मापाचा एक दांडा देते: कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, आणि डेन्व्हर हे लाखो वस्तीचे शहर १६०९ मीटर. म्हणजे आपले सर्वोच्च शिखर जिथे संपते, जवळपास त्या पातळीवर इथले लोक ऑफिसला जातात. आमचे गाव त्याच्याही दीड किलोमीटर वर. बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या, रेडिएटरमधून वाफ सोडणाऱ्या गाड्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. पण तिथे प्रश्न चढाचा होता, हवेचा नव्हता. लोणावळ्याची हवा मुंबईहून थंड असते, फारशी विरळ नसते. इथे चढ आहेच, शिवाय हवाही नाही.

घर लाकडावर तापते. ‘पाइक’ राष्ट्रीय अरण्यातून वाळलेली झाडे तोडून आणण्याचा परवाना वनखात्याकडून मिळतो, आणि पाइनच्या खोडांत शिरणाऱ्या किड्याने या डोंगरांत गेल्या दोन-तीन दशकांत इतकी झाडे मारली आहेत, की वाळलेल्या लाकडाला तोटा नाही. लाकूड मोजतात ‘कॉर्ड’मध्ये: चार फूट गुणिले चार फूट गुणिले आठ फूट, १२८ घनफूट. पिकअपच्या हौद्यात अर्धा कॉर्ड, सुमारे तेराशे पौंड, नीट मावतो. तो खालून, ग्रँटच्या बाजूने, केनोशा खिंडीवरून आणायचा. खिंडीचा माथा दहा हजार फुटांचा. त्या चढावर भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी पंचवीस मैलांनी चढे, मागे पंधरा-वीस वाहनांची रांग लागे, आणि त्यातला एखादा तरी अधीर माणूस वळणावर आंधळेपणाने पुढे काढू पाही. हा प्रकार हौशी नव्हता, धोक्याचा होता. हिवाळा मोजून सात महिन्यांचा, आणि त्याला पुरेल एवढे लाकूड आणायला दहा-बारा खेपा लागतात.

गाडी शेजाऱ्यांची. ते निवृत्त मेकॅनिक. आयुष्यभर खाणीतली आणि रस्त्याच्या कामाची यंत्रे दुरुस्त केलेली. गाडी त्यांनी १९७८ साली नवी घेतली होती, मध्ये वीस वर्षे मुलाकडे होती, आणि ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर बरेच काही नको ते आले होते. त्यांना स्वत:ला फुप्फुसांचा आजार. नाकाला ऑक्सिजनची नळी, खोलीच्या कोपऱ्यात गुरगुरणारे यंत्र, आणि बाहेर पडताना खांद्याला लहान सिलिंडर. डॉक्टरांनी त्यांना खाली, समुद्रसपाटीकडे राहायला जाण्यास सांगितले होते. टेक्ससच्या किनाऱ्याला मुलगी होती. ते हो म्हणत होते आणि जात नव्हते. मग एका एप्रिलमध्ये त्यांनी ठरवले, की ऑक्टोबरात जायचे, गाडी आम्हाला द्यायची, आणि त्याआधी ती अर्धा कॉर्ड घेऊन केनोशा तिसऱ्या गिअरमध्ये चढली पाहिजे. किंमत त्यांनी फार कमी सांगितली. अट एकच: इंजिन बदलायचे नाही.

ती अट महत्त्वाची, कारण या प्रश्नाचे इथले सर्वमान्य उत्तर ‘व्ही-८ टाका’ हे आहे. जुन्या पिकअपची ताकद कशी वाढवावी असे विचारले, की आठ सिलिंडरांचे दुसरे इंजिन बसवण्याचा सल्ला पहिल्या मिनिटाला मिळतो. तो चुकीचा नाही. फक्त ते प्रश्नाचे उत्तर नाही. तो प्रश्नच बदलणे आहे. एखादी जुनी संहिता दुर्बोध वाटते म्हणून दुसरीच संहिता अभ्यासक्रमाला लावण्यासारखे.

मी साहित्याची माणूस. आकडे म्हटले की ते कुणी, कशासाठी सांगितले हे आधी पाहते. इंजिनाच्या अश्वशक्तीचे आकडे त्या दृष्टीने फार बोलके आहेत. १९६५ साली हे इंजिन १७० अश्वशक्तीचे म्हणून जाहीर झाले. १९७८ साली त्याच्याच अंगावर ११५-१२० च्या आसपासचा आकडा आहे. तेरा वर्षांत एक तृतीयांश शक्ती गेली कुठे? काही खरोखर गेली: धुराच्या नियमांसाठी कॉम्प्रेशन उतरवले गेले, टायमिंग मागे घेतले गेले. पण बरीचशी कधी नव्हतीच. १९७१ पर्यंत अमेरिकी कंपन्या ढोबळ शक्ती छापत: इंजिन गाडीतून काढून चौथऱ्यावर ठेवायचे, त्याचा पंखा, जनित्र, एअर फिल्टर, सायलेन्सर सगळे उतरवायचे आणि मग मोजायचे. १९७२ पासून निव्वळ शक्ती छापली जाऊ लागली, म्हणजे गाडीत जसे चालेल तसे. लोकांना वाटले इंजिने एका वर्षात दुबळी झाली. वास्तविक मलपृष्ठावरचा मजकूर बदलला होता. पुस्तक बव्हंशी तेच होते.

आणि हे निव्वळ आकडेही समुद्रकिनाऱ्याचे. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते. केनोशाच्या माथ्यावर आमच्या गाडीच्या एकशेवीस घोड्यांपैकी ऐंशी-पंच्याऐंशीच उरतात, तेही ती तंदुरुस्त असली तर.

याचे कारण गुंतागुंतीचे नाही. पेट्रोल इंजिन ही हवा ओढणारी आणि सोडणारी मोठी भाताडी आहे. ३०० घनइंचांचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल आणि प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा भरत असेल, तर कागदावर ते मिनिटाला २६० घनफूट हवा ओढते. समुद्रकाठी त्या हवेचे वजन सुमारे नऊ किलो. पेट्रोलच्या एका भागाला पुरते जळायला वजनाने पावणेपंधरा भाग हवा लागते. म्हणजे नऊ किलो हवेत सहाशे ग्रॅम पेट्रोल जळेल, त्याहून थेंबभरही नाही. दहा हजार फुटांवर तेवढ्याच घनफळाची हवा साडेसहा किलोच्या आसपास भरते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते, ते टाकीत आहे. हवा मात्र जी आहे तीच. ‘जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ताकद’ ही समजूत त्यामुळे उलटी आहे. उंचीवरची बहुतेक जुनी इंजिने पेट्रोलाने गुदमरलेली असतात.

शेजाऱ्यांनी पहिले दोन आठवडे एकही पाना फिरवला नाही. त्यांनी फक्त मोजले. त्यांच्याकडे एक जुना व्हॅक्यूम गेज होता, साध्या रबरी नळीने इंटेक मॅनिफोल्डला जोडायचा. तो केबिनमध्ये माझ्यासमोर टांगला. मी गाडी चालवायची, पाय तळाला टेकवायचा, आणि काटा कुठे आहे ते सांगायचे. यामागचे तर्कशास्त्र मला फार आवडले. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असताना मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेइतकाच असायला हवा, म्हणजे काटा शून्यावर. तो तीनवर असेल, तर मधल्या वाटेत कुठेतरी तीन इंच दाब अडतो आहे. आमचा काटा साडेपाचवर होता. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या २९.९२ इंचांएवढा असतो, इथे साडेवीस. साडेविसातले साडेपाच वाटेतच जात होते. भुकेल्या माणसाच्या ताटातून चौथा घास कुणी उचलून न्यावा तसे.

मग शोध सुरू झाला, आणि त्यात जे सापडले त्यातले बहुतेक हास्यास्पद होते. अ‍ॅक्सिलरेटर जमिनीला टेकला तरी कार्ब्युरेटरची झडप तीन चतुर्थांशच उघडत होती, कारण मधला दांडा केव्हातरी वाकला होता. तो सरळ करायला दहा मिनिटे लागली आणि काटा साडेपाचावरून साडेतीनवर आला. एअर फिल्टरच्या जागी मुलाने एक चकचकीत क्रोमचा, चारी बाजूंनी उघडा गोल डबा बसवला होता. तो दिसायला अत्यंत शक्तिमान. पण कारखान्याच्या मूळ डब्याला एक सोंड असते, ती पुढच्या जाळीमागून थंड हवा आणते. हा उघडा डबा बॉनेटखालची तापलेली हवा ओढत होता. हवा पाच-सहा अंश सेल्सियसने तापली तरी तिची घनता जवळजवळ दोन टक्क्यांनी उतरते, आणि बॉनेटखालचे तापमान बाहेरच्याहून तीस-चाळीस अंशांनी सहज अधिक असते. भंगारातून मूळ डबा सोंडेसकट आणून बसवला. गाडी दिसायला गरीब झाली.

(शक्ती ‘दिसण्या’चा हा व्यापार मोठा आहे. पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबके, हवेला भोवरा देणाऱ्या पात्या, टाकीत ओतायच्या बाटल्या. इंधन वाचवण्याचा दावा करणारी अशी शंभराहून अधिक साधने अमेरिकी पर्यावरण खात्याने तपासली आणि त्यांतल्या फारच थोड्यांचा काही उपयोग आढळला. तरी ती विकली जातात. साहित्यव्यवहारातल्या माणसांनी याचे नवल करू नये.)

डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन दोष निघाले. फेऱ्या वाढल्या की ठिणगी लवकर पाडणारी वजने गंजून जागीच बसली होती, आणि व्हॅक्यूमवर चालणारा पडदा फाटला होता. म्हणजे इंजिन धावू लागले तरी ठिणगी सावकाश चालल्यासारखीच पडे. त्यानंतर कॉम्प्रेशन तपासले. पाच सिलिंडरांत १०५ ते ११५ पौंड, चौथ्यात ७५. शेजाऱ्यांनी त्या सिलिंडरात चमचाभर तेल ओतायला सांगितले आणि पुन्हा मोजले. तेलाने आकडा वर चढला असता तर रिंगा झिजल्या होत्या. तो हलला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह गळत होता. हेड उतरवले. चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एका कडेला करपून नखाएवढा तुकडा गेलेला. शिसेयुक्त पेट्रोल १९९६ पासून इथे रस्त्यावरच्या गाड्यांसाठी बंद झाले. त्यातले शिसे या जुन्या व्हॉल्व्हच्या बैठकींना वंगणासारखे उपयोगी पडे. डेन्व्हरच्या एका वर्कशॉपात बैठकी कठीण पोलादाच्या बसवून घेतल्या, आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून हेड नेहमीपेक्षा थोडे जास्त फेस करून घेतले, जेणेकरून कॉम्प्रेशन वाढावे. खाली, जाड हवेत, इतके कॉम्प्रेशन साध्या पेट्रोलवर चालले नसते, इंजिन खडखडले असते. इथे सिलिंडर मुळातच अर्धपोटी भरतो, त्यामुळे चालते. (याच कारणाने या डोंगराळ राज्यांत पंपावर ८५ ऑक्टेनचे पेट्रोल मिळते.)

इथपर्यंत आम्ही काहीही ‘वाढवले’ नव्हते. हेड सोडले तर सगळे परत आणले होते. जुन्या गाडीच्या शक्तीबद्दल बोलताना हा भेद कुणी करत नाही, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. जी शक्ती नाही असे आपण म्हणतो ती बहुधा असते. तिच्या वाटेत काहीतरी बसलेले असते.

पुढची पायरी चाकांकडची. मुलाने ३१ इंची टायर घातले होते, मूळचे साडेअठ्ठावीस. मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ३.००, महामार्गासाठीचे. या गाडीच्या नऊ इंची अ‍ॅक्सलची खुबी अशी, की त्याचा आतला गाभा समोरून अखंड बाहेर निघतो. भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा ३.५० चा गाभा एका दुपारी बसला. टायरही मूळ मापाचे आणले. या दोन्ही बदलांनी मिळून त्याच इंजिनाची त्याच गिअरमधली ओढ चाकाशी २७ टक्क्यांनी वाढली. याला इंजिनाची शक्ती वाढणे म्हणायचे का? शास्त्राच्या दृष्टीने नाही. इंजिनाला या बदलाचा पत्ताही नसतो. पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ते आता ३००० फेऱ्यांवर, आपल्या बळाच्या जागी, राहू शकत होते, पूर्वीसारखे खाली घसरत नव्हते. मी शेजाऱ्यांशी यावर वाद घातला. त्यांचे म्हणणे, चाक वळते की नाही ते बघ.

काटा अजून साडेतीनवर होता, आणि हे साडेतीन इंच आता कार्ब्युरेटरचेच होते. मूळचा एकनळी कार्टर कार्ब्युरेटर या इंजिनाला मुळातच अरुंद आहे. काटकसरीसाठी तो तसा ठेवलेला. शेजाऱ्यांच्या एका मित्राच्या कोठीत ऑफेनहाऊझरचा जुना अ‍ॅल्युमिनियमचा इंटेक मॅनिफोल्ड पडून होता. त्यावर ३९० घनफुटांचा होली कार्ब्युरेटर बसवला. याहून दीडपट, दुप्पट मोठे सहज मिळतात, आणि नव्या उत्साही माणसाचा हात तिकडेच जातो. पण नळी फार रुंद झाली की हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे थेंब नीट फुटत नाहीत, आणि खालच्या फेऱ्यांवर गाडी ठेचकाळते. सोडण्याची वाटही मोकळी केली: याच इंजिनाच्या १९८७ नंतरच्या, इंजेक्शन असलेल्या आवृत्तीचे दोन भागांतले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड या जुन्या हेडला जसेच्या तसे बसतात. तीच आवृत्ती कारखान्यातून १५० निव्वळ अश्वशक्तीची निघे, यावरून जुनीची वाट किती अडवलेली होती ते कळते. मात्र यात एक देणेही होते. जुना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंटेकला खालून ऊब देई. ती गेली, की इथल्या थंडीत कार्ब्युरेटरखाली पेट्रोल गोठल्यासारखे साचते. त्यासाठी मॅनिफोल्डखाली इंजिनाचे गरम पाणी फिरवणारी पेटी बसवावी लागली. हे काम सर्वांत किचकट निघाले. त्याचे वर्णन करून वाचकाला छळत नाही.

शेवटी जेट. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधले पितळी छिद्र, ज्यातून पेट्रोल येते. समुद्रसपाटीसाठी बेतलेला कार्ब्युरेटर दहा हजार फुटांवर मिश्रण सुमारे १६ टक्के जाड करतो, म्हणून छिद्रे बारीक करायची, थोडा चढ चढून प्लग काढून रंग बघायचा, पुन्हा बदलायची. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, विटकरी तपकिरी म्हणजे ठीक. रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ च्या त्या प्रसिद्ध पुस्तकात मोटारसायकलचे प्लग काळे पडतात ते याच कारणाने. वर्गात ते पुस्तक शिकवताना मी तो भाग भराभर उलटत असे, तत्त्वज्ञान पुढे होते म्हणून. आता वाटते, काळ्या प्लगाची ती पाने तत्त्वज्ञानाहून भक्कम आहेत.

जेट बदलायला शेजारी स्वत: बसत. बोटे थरथरत नव्हती. दम मात्र दर दोन स्क्रूंनंतर संपे. बोटाला लावलेल्या चिमट्यावर आकडा दिसे: ८८, ८६, मग थोडे थांबून पुन्हा ८९. एकदा मी न राहवून म्हणाले, की तुमचा आणि गाडीचा आजार एकच दिसतो. त्यांना ते मुळीच आवडले नाही. गाडीला रिंगा मिळतात, एवढेच बोलून त्यांनी पुढचा जेट मागितला. मी नंतर ते कधी बोलले नाही. मराठीत बोलत असते तर बोलावेही लागले नसते.

टर्बोबद्दल मी विचारले होते. विरळ हवेवरचा तोच खरा उपाय, हवा दाबून भरणे. आजच्या एफ-१५० मध्ये २०११ पासून तसे इंजिन मिळते आणि त्याला केनोशा कळतही नाही. इथून जवळच पाइक्स पीक हे १४,११५ फुटांचे शिखर आहे, जिथे दरवर्षी माथ्यापर्यंत गाड्यांची शर्यत होते. २०१८ साली तिथे फोक्सवागेनच्या आय. डी. आर या विजेवरच्या गाडीने ७ मिनिटे ५७.१ सेकंदांत माथा गाठून सगळे विक्रम मोडले. श्वासच न घेणारी गाडी. शेजाऱ्यांनी ती शर्यत पाहिली होती. चांगली होती म्हणाले, पण कान लावून ऐकण्यासारखे काही नव्हते.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, अ‍ॅस्पेन पिवळे पडले असताना, आम्ही ग्रँटच्या वरच्या बाजूला अर्धा कॉर्ड भरला. ते शेजारच्या सीटवर, सिलिंडर दोन पायांच्या मध्ये. चढ सुरू झाला तेव्हा मी सवयीने दुसऱ्या गिअरकडे हात नेला. त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटे ठेवली. तिसरा. ताशी चाळीस मैल, व्हॅक्यूमचा काटा एकाखाली, इंजिनाचा आवाज भरीव, एकसुरी, धाप नसलेला. शेवटच्या मोठ्या वळणावर वेग अडतीसवर उतरला, छत्तीसवर, आणि तिथेच राहिला. मागे तीन गाड्या होत्या, एकानेही हॉर्न दिला नाही. माथ्यावर गाडी बाजूला घेतली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडायला सांगितले नाही, प्लग काढायला सांगितला नाही. काच खाली करून ते नुसते बसून राहिले, इंजिन चालू ठेवून.

परतताना त्यांनी एक गोष्ट बजावली. ही गाडी आता खाली, समुद्राकडे, कधी न्यायची नाही. बारीक जेट, पुढे घेतलेले टायमिंग, फेस केलेले हेड, तिन्ही विरळ हवेसाठी बेतलेले आहेत. जाड हवेत मिश्रण पातळ पडेल, इंजिन खडखडेल आणि पिस्टनला भोक पडेल. मूळचे जेट त्यांनी एका पत्र्याच्या डबीत घालून, वर आकडे लिहून, कप्प्यात ठेवले.

ऑक्टोबरच्या दहा तारखेला मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. तिकडे गेल्यावर चिमट्यावरचा आकडा ९४ झाला, जिने चढता येतात, असे ते फोनवर सांगतात. हवा मात्र दमट आहे आणि सगळे सपाट आहे, ही तक्रार. परवाच्या फोनवर त्यांनी आधी लाकूड किती झाले ते विचारले, मग प्लगचा रंग. मी दुपारीच काढून पाहिले होते. सहापैकी पाच विटकरी, चौथा किंचित फिकट. थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, पुढच्या खेपेआधी चौथ्याची वायर बदलून बघ.